तरुणांच्या आत्महत्या रोखणाऱ्या संस्था नेमकं करतात तरी काय?

जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं आणि कोचिंग क्लासेससाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. जिथे १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यातली सगळ्यात गाजलेली. त्यावरच्या चर्चेचा सूरही ठरलेलाच होता: एक समुपदेशक नेमून काय होणार आहे? शंका रास्त आहे. बऱ्याच ठिकाणी आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या एक मॅडम आणि जिन्याखालची एक खोली, एवढ्यावर ही सूचना ‘पूर्ण’ होईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

पण या शंकेत एक गृहीतक दडलेलं आहे. आत्महत्या रोखणं म्हणजे कुणीतरी तज्ज्ञाने एका खोलीत बसून समजूत घालणं, असं आपण धरून चालतो. या क्षेत्रात अनेक दशकं काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांचा अनुभव जवळजवळ उलट आहे. त्यांचं बरंचसं काम त्या खोलीच्या बाहेर चालतं: फोनवर, गावच्या पारावर, दहावीच्या वर्गात, शेतातल्या गोदामात आणि शिक्षणमंत्र्यांच्या कार्यालयातही.

आधी आकडे, पण जपून

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रातले. विद्यार्थी होते १३,०४४. बातम्या बहुतेक या शेवटच्या आकड्याच्या होतात.

त्याच अहवालात १८ ते ३० या वयोगटाची संख्या ५९ हजारांच्या वर आहे. म्हणजे जीव गमावणारे बहुसंख्य तरुण कोचिंग क्लासच्या वसतिगृहात नव्हतेच. ते रोजंदारीवर होते, दुकानात कामाला होते, नुकतंच लग्न होऊन सासरी आले होते, भरतीची तयारी करून थकले होते. ‘तरुणांच्या आत्महत्या’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नीट-जेईईचा मुलगा येतो. सासरी कोंडमारा होणारी एकवीस वर्षांची मुलगी येत नाही. तिच्यापर्यंत कुठल्याही महाविद्यालयाचा समुपदेशक पोहोचणार नाही, हे तर उघडच आहे.

अहवालातला ‘कारण’ हा रकानाही जरा बिचकतच वाचावा. पोलीस पंचनाम्यावरून तिथे एकच कारण लिहितात. त्या हिशेबाने ‘परीक्षेतलं अपयश’ एकूण आत्महत्यांच्या दीड टक्क्यापेक्षाही कमी भरतं आणि ‘कौटुंबिक समस्या’ जवळपास एक तृतीयांश. प्रत्यक्षात एकाच कारणाने कुणी या टोकाला जात नाही. निकाल हे निमित्त असतं. मागे कर्ज असतं, घरातली दारू किंवा मारहाण असते, महिनोन्‌महिने न ओळखलेलं नैराश्य असतं, कुणीतरी चारचौघांत केलेला अपमान असतो.

सगळं काम ज्यावर उभं आहे अशा दोन गोष्टी इथेच समजून घेऊ. एक, टोकाच्या विचारात असलेला माणूस बहुधा दोन्ही बाजूंनी ओढला जात असतो. हे असं जगणं त्याला सोसत नाही, पण मरायचंच आहे असंही पक्कं नसतं. दुसरी, तीव्र ऊर्मी कायम टिकत नाही. विशेषतः तरुणांमध्ये विचार आणि कृती यांत कधीकधी काही तासांचं, काही मिनिटांचंही अंतर असतं. ती वेळ निभावली की माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. ती निभावायला मदत करणं, हेच या संस्थांचं काम.

हेल्पलाइनची सुरुवात: ताटकळणारे लोक आणि चहा

चॅड वारा नावाचे एक इंग्रज धर्मगुरू होते. १९३५मध्ये, अगदी तरुणपणी, त्यांच्यावर एका १४ वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करण्याची वेळ आली. तिला पाळी सुरू झाली होती, ती काय असते हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि आपल्याला गुप्तरोग झाला अशा समजुतीने तिने जीव दिला होता. (आपल्याकडच्या किती घरांत आजही हे बोललं जात नाही, ते वेगळं सांगायला नको.) पुढे २ नोव्हेंबर १९५३ रोजी वारांनी लंडनमधल्या आपल्या चर्चमधून निराश लोकांसाठी फोनसेवा सुरू केली. तीच ‘समॅरिटन्स’ संस्था.

लोक फोन करू लागले, भेटायलाही येऊ लागले. गर्दी वाढली, ताटकळणाऱ्यांना चहापाणी विचारायला स्वयंसेवक बसले. आणि वारांच्या लक्षात आलं की बरेच जण त्या स्वयंसेवकांशीच मनातलं बोलून हलके होतायत; आत येऊन त्यांचा सल्ला घेण्याची अनेकांना गरजच उरत नाही. काही महिन्यांतच, १९५४च्या फेब्रुवारीत, त्यांनी फोन उचलण्याचं काम स्वयंसेवकांकडे सोपवून टाकलं.

भारतात या धर्तीवरचं महत्त्वाचं काम चेन्नईच्या ‘स्नेहा’ या संस्थेचं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ती १९८६मध्ये सुरू केली. संस्थापक स्वतः डॉक्टर, तरी फोनवर बोलतात ते प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक.

अशा फोनवर काय घडतं, ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. बारावीचा निकाल लागलाय, रात्रीचे अकरा वाजलेत, मुलाने फोन लावलाय आणि तो नुसता श्वास घेतोय. स्वयंसेवक “हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?” करत नाही. “मी आहे लाइनवर. सावकाश बोल,” म्हणतो आणि थांबतो. मुलगा सांगतो, “फिजिक्स राहिला. बाबांना अजून माहीत नाही.” इथे आपल्यातला कुणीही म्हणेल, “अरे एका विषयाचं काय एवढं मनाला लावून घेतोस!” प्रशिक्षणात नेमकं हेच वाक्य तोंडातून काढून टाकतात. त्याऐवजी प्रश्न येतो, “बाबांना कळलं की काय होईल असं वाटतंय?” मुलगा बोलत राहतो. मग आडवळण न घेता विचारलं जातं: “जीव द्यावा असं मनात येतंय का?” उत्तर ‘हो’ आलं, तर पुढचे प्रश्न ठरलेले आहेत. आत्ता एकटा आहेस का? काही ठरवलंयस का? जवळ काही आहे का? ते दुसऱ्या खोलीत ठेवून येशील का, मी फोन धरून आहे. घरात कोण जागं आहे? मामाला उठवायचं का?

संपूर्ण संभाषणात उपदेश नाही, “आईवडिलांचा विचार कर” नाही. त्या मुलाला आईवडिलांचाच तर विचार छळत असतो.

“विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल”

हा पालकांचा आणि शिक्षकांचा सगळ्यात मोठा आक्षेप. आपल्याकडे तर अशुभ शब्द उच्चारायचीच चोरी. कुणी “जीव नकोसा झालाय” म्हणालं, की “शुभ बोल रे नाऱ्या” म्हणून आपण विषय मिटवून टाकतो आणि बोलणारा पुन्हा तोंड उघडत नाही.

थर्मामीटर लावल्याने ताप चढत नाही, नुसता कळतो. आत्महत्येबद्दल सरळ विचारण्याचंही तसंच आहे. यावर झालेल्या अभ्यासांमध्ये थेट विचारण्याने आत्महत्येचे विचार वाढल्याचं आढळलेलं नाही. उलट विचारलं गेलेल्यांना बऱ्याचदा सुटल्यासारखं वाटतं. अट एकच, विचारल्यावर उत्तर ऐकून घेण्याची तयारी हवी. घाईघाईत, दारात चपला घालता घालता विचारायचा हा प्रश्न नाही.

याचाच जुळा गैरसमज म्हणजे ‘बोलून दाखवणारे काही करत नाहीत’. जीव गमावलेल्या अनेकांनी आधी कुणाला ना कुणाला सूचित केलेलं असतं. कधी “आता तुम्हाला माझा त्रास नाही” असं, तर कधी आवडती वस्तू अचानक देऊन टाकून. ‘नाटकं करतो’ हा शेरा मारायला सोपा, आणि चुकला तर भरून न येणारा.

दवाखान्यातून घरी आल्यानंतर

संस्थांच्या कामातला मला सर्वांत कमी चर्चिला गेलेला आणि सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा आहे. एकदा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला पुढच्या काळात धोका सर्वाधिक असतो. आणि नेमकं तेव्हाच घरचे झाल्या प्रकारावर पांघरूण घालण्यात गुंतलेले असतात. पाहुण्यांना ‘फूड पॉयझनिंग’ सांगितलेलं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या पाच ठिकाणी एक प्रयोग केला. भारतातलं ठिकाण होतं चेन्नई. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आलेल्या १,८६७ जणांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्यासोबत घरी सोडताना साधारण तासभर बसून समजावणं आणि मग १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा प्रत्यक्ष भेट. काय चाललंय, कसं वाटतंय, काही मदत हवी का, एवढंच. २००८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दीड वर्षात पहिल्या गटातल्या २.२ टक्के लोकांचा आत्महत्येने मृत्यू झाला होता, दुसऱ्या गटातल्या ०.२ टक्के लोकांचा. औषध तेच, रुग्णालय तेच. फरक होता तो कुणीतरी आठवण ठेवून चौकशी करण्याचा.

इथे कायद्याची भीती आड येते. ‘पोलीस केस होईल’ म्हणून लोक रुग्णालयात खोटं सांगतात किंवा जातच नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम ११५नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच मानायचं आणि तिच्यावर खटला भरायचा नाही. तिला उपचार आणि पुनर्वसन देणं ही सरकारची जबाबदारी. शिवाय १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा अशा प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुन्या दंडविधानातलं कलम ३०९ नव्या संहितेत आलंच नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. रुग्णालय पोलिसांना कळवतं, जबाब होतो, पण तो म्हणजे शिक्षा नव्हे.

“पण पदवी नसलेल्या माणसाच्या हाती जीव सोपवायचा?”

आपल्या देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही, आणि जे आहेत ते मोठ्या शहरांत. तेव्हा पर्याय ‘तज्ज्ञ की साधा माणूस’ असा नसून बहुतेक ठिकाणी ‘साधा माणूस की कुणीच नाही’ असा आहे.

पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात ‘आत्मीयता’ हा उपक्रम सुरू केला. गावातल्याच, लोकांचा विश्वास असलेल्या व्यक्ती निवडायच्या, त्यांना ऐकून घ्यायला आणि अडचणीचे तुकडे करून एकेक सोडवायला शिकवायचं. त्रासातल्या माणसाशी त्यांनी चार-सहा वेळा बसून बोलायचं. नैराश्यात माणसाचं अंग गळून जातं, म्हणून रोजच्या कामांतली एखादी छोटी गोष्ट पुन्हा सुरू करून द्यायची. आणि विधवा पेन्शन, रेशन कार्ड, रोजगार हमी यांचे अर्ज अडले असतील तर तेही मार्गी लावायचे. हा शेवटचा भाग शहरी वाचकाला मानसिक आरोग्याचा वाटणार नाही. घरात दाणा नसलेल्या माणसाला मात्र तो पटकन पटतो. पुढे हाच उपक्रम गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात शेकडो गावांपर्यंत गेला.

आक्षेपात तथ्य मुळीच नाही असं नाही. कानात आवाज येणारा मुलगा, खाणंपिणं सोडलेली बाळंतीण, दारूच्या आहारी गेलेला तरुण यांना डॉक्टरच हवा. चांगल्या स्वयंसेवकाला आपली हद्द कळते, आणि त्याची संस्था ती वेळ आली तर कुणाकडे पाठवायचं हे आधीच ठरवून ठेवते. हद्द न कळणारा स्वयंसेवक अपाय करू शकतो, हेही मान्य करायला हवं.

शाळेत कुणाशी बोलायचं: शिक्षकांशी की मुलांशी?

आपल्याकडे आवडता मार्ग म्हणजे शिक्षकांसाठी एक दिवसाची कार्यशाळा. हार, दीपप्रज्वलन, दोन व्याख्यानं, जेवण. धोक्याची लक्षणं ओळखू शकेल अशा भोवतालच्या माणसाला या क्षेत्रात ‘गेटकीपर’ म्हणतात आणि शिक्षकांना असे गेटकीपर बनवायचं, ही त्यामागची कल्पना.

युरोपातल्या १० देशांत, १६८ शाळांमधल्या ११,११० मुलांवर एक मोठा तुलनात्मक अभ्यास झाला. तो २०१५मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात निव्वळ शिक्षकांच्या प्रशिक्षणाने आत्महत्येच्या प्रयत्नांमध्ये ठळक फरक पडला नाही. फरक पडला तो मुलांशीच थेट केलेल्या कामाने. एकूण पाच तास, त्यातले तीन तास मुलांनी स्वतः प्रसंग उभे करून पाहायचे: मित्र म्हणतोय ‘कुणाला सांगू नको’, तर काय करायचं? वर्गात एकाची टर उडवली जातेय, तर आपण काय बोलायचं? वर्षभराने या गटातल्या ०.७० टक्के मुलांनी आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं आढळलं. नुसती भित्तिपत्रकं लावलेल्या शाळांमध्ये १.५१ टक्के.

कारण सोपं आहे. पंधरा वर्षांची मुलगी आपलं गुपित वर्गशिक्षकांना सांगत नाही, बाकावरच्या मैत्रिणीला सांगते. तयारी त्या मैत्रिणीची हवी. ‘गुपित फोडणं म्हणजे विश्वासघात’ ही तिची समजूत बदलायला हवी. मेहसाण्यातल्या गावांत, पुण्याच्या त्याच केंद्राच्या पुढाकाराने, ही पद्धत किशोरवयीन मुलांसाठी वापरली गेली. जोडीला आशाताईंचं प्रशिक्षण आणि शेतीची औषधं सुरक्षित ठेवण्याची सामुदायिक सोय.

“एक वाट बंद केली तर दुसरी शोधतील”

शेतीची औषधं सुरक्षित ठेवण्याच्या या शेवटच्या गोष्टीवर लोक हमखास हसतात. ज्याला करायचंच आहे त्याला कोण अडवणार?

श्रीलंकेचं उदाहरण पाहा. १९९०च्या दशकाच्या मध्यावर तिथला आत्महत्येचा दर जगातल्या सर्वोच्च दरांपैकी होता. सरकारने टप्प्याटप्प्याने सर्वाधिक विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढच्या दोन दशकांत दर सुमारे ७० टक्क्यांनी उतरला आणि शेतीचं उत्पन्न काही घटलं नाही. सगळे जण दुसरी वाट शोधत असते तर एकूण दर असा खाली आलाच नसता. वर म्हटलेली ती काही मिनिटं, काही तास इथे मोलाचे ठरतात.

‘स्नेहा’ने तामिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात याचंच गावपातळीवरचं रूप करून पाहिलं. दोन गावांत सामायिक साठवणघर उभं केलं. तिथे प्रत्येक शेतकऱ्याला कुलपाची पेटी. औषध हवं तेव्हा येऊन काढून न्यायचं, उरलेलं परत आणून ठेवायचं. घरात, पोराबाळांच्या हाताशी काही उरत नाही. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण शेतकरी असली कटकट करणारच नाहीत, ही भीती मात्र खोटी ठरली.

“परीक्षा सोप्या करायच्या का मग?”

सोप्या नाही, पण एका परीक्षेवर सगळं वर्ष टांगलेलं नको. निकालाच्या दिवसांत येणाऱ्या फोनवरून ‘स्नेहा’च्या लक्षात आलं की मुलांना नापास होण्याइतकीच वर्ष वाया जाण्याची, मागच्या वर्गातल्या मुलांसोबत बसण्याची धास्ती असते. संस्थेने तामिळनाडू सरकारकडे पाठपुरावा केला. एक-दोन विषय राहिलेल्यांना लगेच पुरवणी परीक्षा देता यावी आणि त्याच वर्षी पुढे प्रवेश मिळावा, अशी सोय तिथे झाली. अभ्यासक्रम किंवा उत्तीर्ण होण्याची पातळी बदलली नाही. बदललं ते वेळापत्रक.

महाराष्ट्रातही दहावीची फेरपरीक्षा आधी ऑक्टोबरमध्ये असायची, म्हणजे वर्ष गेलंच. २०१५पासून ती जुलैमध्ये होऊ लागली. एका सरकारी निर्णयाने जितक्या घरांतला ताण कमी होतो, तितका शंभर स्वयंसेवकांनी रात्र रात्र फोन धरून होत नाही. म्हणून फोन उचलणाऱ्या संस्थेने मंत्रालयाचे जिनेही चढावेत, असं मला वाटतं.

मदत करायची असेल तर काय विचाराल?

कुणाला आत्ताच बोलायची गरज असेल, तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. जिवाला तातडीचा धोका दिसला तर ११२ लावा आणि त्या माणसाला एकटं सोडू नका.

आणि एखाद्या संस्थेला देणगी द्यायची असेल, आपल्या शाळेत किंवा मंडळात बोलवायचं असेल, तर चकचकीत अहवालाऐवजी साधे प्रश्न विचारा. रात्री दोनला फोन कोण उचलतं? उचलला गेला नाही तर परत केला जातो का? स्वयंसेवकाला किती दिवस शिकवलं, आणि एखादा फोन त्याच्या मनावर बसला तर तो कुणाशी बोलतो? जवळचा मनोविकारतज्ज्ञ कोण, त्याच्याशी काही ठरलेलं आहे का? पहिल्या भेटीनंतर महिन्याने त्या मुलीला पुन्हा कुणी विचारलं का? फोटोंमध्ये मुलांचे चेहरे झाकलेले आहेत का? ज्या संस्थेकडे यांची उत्तरं आहेत ती बहुधा किती कार्यक्रम घेतले हे आपणहून सांगत बसत नाही. तिच्या खर्चाच्या पत्रकात मोठी रक्कम फोनबिल, प्रवास आणि पर्यवेक्षकाचं मानधन यांवर दिसते, आणि देणगीदारांना नेमका तोच खर्च नकोसा असतो.